मागे राहू नकोस

आमच्यात अंत्यविधीहून थेट घरी जात नाहीत,
गेलेलं माणूस मागोमाग येतं म्हणून.
तर आम्ही तेरा जण काळ्या कोटांत
डोनटच्या दुकानात बसलो.
बाहेर वजा एकतीस.
आंद्रोनिको मामानं सवयीनं
लिलांगसाठीही कॉफी सांगितली,
दोन साखर, दूध नको.
ती कुणी परत केली नाही. प्यालंही नाही.

लिलांग म्हणजे आजी, आमच्या इलोकानोत.
कागदोपत्री युफ्रोसिना अग्बायानी,
कारखान्यात फ्रोसी,
कारण सुपरवायझरला एवढं नाव परवडत नव्हतं.
विनिपेगला उतरली अडुसष्टच्या फेब्रुवारीत,
पायांत उघड्या चपला.
एजंटानं दिलेला कोट पुरुषाचा होता,
खिशात कुणाचं तरी बसचं तिकीट.
ते तिनं जपून ठेवलं. न जाणो,
कुणी मागायला आलं तर.

एकोणतीस वर्षं तिनं जाकिटांना चेन लावल्या.
रस्त्यात कुणाची अर्धवट उघडी दिसली
की हात आपोआप पुढं जायचा,
अनोळखी माणसाच्या गळ्यापर्यंत.
"ही माझी," म्हणायची,
आतली शिवण उलटून बघून.

गावाहून पाकिटं यायची. पत्र चार ओळींचं
आणि सोबत पावलं,
वहीच्या पानावर, सिमेंटच्या गोणीच्या कागदावर
पेन्सिलीनं गिरवलेली.
भाच्यांची, जावांची, जावांच्या शेजारणींची,
टाचेपाशी नाव.
सेलच्या दुकानात ती ही पावलं कातरून
एकेका बुटात सरकवून बघायची.
काउंटरवरची पोरं हसायची.
मीही हसले आहे, दोन रॅक पलीकडे,
ओळख न दाखवता.
हे मी कन्फेशनमध्ये अजून सांगितलेलं नाही.

बिस्किटांच्या डब्यात ती सगळी सापडली.
लिगायाचं पाऊल चार वर्षांचं, सात वर्षांचं, अकरा,
मग नाही.
तळाशी एक रुंद, बोटं फाकलेलं, बिननावाचं.
आई म्हणाली, तिच्या आईचं.
म्हातारी जन्मभर अनवाणी.
बूट पोचले तेव्हा तिनं त्यांत
मिरचीची रोपं लावली
आणि कळवलं, चांगले आहेत, घट्ट होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नदीवर केस धुवायचे असतात,
जाळलेल्या पेंढ्याच्या पाण्यानं.
नदी गोठलेली, तिच्यावर मुलं हॉकी खेळत होती.
आणि पेंढा इथं कुठला?
आईनं तव्यात तांदूळच जाळले.
धुराचा अलार्म केकाटत राहिला
आणि आम्ही एकेक करून सिंकवर वाकलो.
काळं, कोमट पाणी मानेवरून आत शिरलं.
बरं वाटलं. का, ते विचारू नका.

पण एक राहिलंच सांगायचं, दफनभूमीतलं.
लहानपणी तळ्यावरून निघताना, दवाखान्यातून,
एकदा बस घसरली त्या वळणावरूनही,
लिलांग मागं वळून
आमची नावं घेऊन मोठ्यानं हाक मारायची:
इंतायोन, दिका अग्बातबाती.
चल आता, मागे राहू नकोस.
घाबरलेला जीव तिथंच रेंगाळतो म्हणे,
त्याला बोलवावं लागतं.
मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं,
सगळं पार्किंग बघायचं.

त्या दिवशी माती आधी तापवून, मग खणली होती.
सगळं उरकलं. गाड्यांची इंजिनं सुरू झाली
आणि तेराच्या तेरा जण दारं उघडून उभे.
हाक मारणारं माणूस तर खाली होतं.

मग मीच मारली.
आंद्रोनिको मामा, इंतायोन. आई, इंतायोन.
उच्चार चुकत होते, कुणी दुरुस्त केले नाहीत.
बारा नावं झाली.
स्वतःचं घेताना जीभ अडली.
तिचंही घ्यायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं,
तरी तोंडापर्यंत आलं.

कोटाची चेन वर ओढली.
हनुवटीच्या खाली कुठंतरी अडकली.
हात खाली सोडून
थोडा वेळ तशीच उभी राहिले.